मालक, मेहताजी आणि बिऱ्हाडकरू
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



भाड्याच्या घराचा प्रश्न निघाला की चळवळीत आजवर भाडेकरूच्या बाजूनेच विचार होत आला, आणि ते योग्यच होते. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत एक गोष्ट अशी घडली आहे की तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार, बँकेतला कर्मचारी, प्राथमिक शिक्षक यांनी भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून पिंपरी-चिंचवडला, डोंबिवलीला किंवा नाशिकला दोन खोल्यांचे दुसरे घर घेतले. त्या घराचे भाडे हेच अनेकांचे निवृत्तिवेतन झाले. सभेत भाडेकरूंच्या हक्काचा ठराव मांडणारा कार्यकर्ता घरी गेल्यावर स्वतःच घरमालक असतो, ही स्थिती आज दुर्मीळ नाही. तीत लाजण्यासारखे काही नाही; परंतु ती झाकून ठेवण्यासारखीही नाही.

या लहान मालकापुढे एक प्रश्न नेहमी येतो. घराचा कारभार स्वतः पाहावा, की एखाद्या व्यवस्थापकाच्या, हल्लीच्या भाषेत व्यवस्थापन कंपनीच्या, हाती सोपवून मोकळे व्हावे? मुलगा परदेशी, गुडघे दुखतात, भाडेकरू रात्री दहाला नळ गळतो म्हणून फोन करतो. अशा वेळी दरमहा चार पैसे टाकून ही ब्याद दुसऱ्याच्या गळ्यात घालावी असे कोणालाही वाटेल. हा प्रश्न केवळ जमाखर्चाचा समजला जातो. वस्तुतः तो तसा नाही. मालक आणि बिऱ्हाडकरू यांच्यामध्ये तिसरा माणूस उभा राहिला की काय होते, याला बराच मोठा इतिहास आहे, आणि तो पाहिल्यावाचून हिशेबाला हात घालणे घाईचे ठरेल.

मुंबईच्या गिरणगावातली चाळ घ्या. तेथे मालक दोन जातींचे असत. एक त्याच इमारतीत, बहुधा पहिल्या मजल्यावर, राहणारा. तो खाष्ट असे, कंजूष असे, पाणी वाया घालवले म्हणून पोरांवर ओरडे. पण छत गळू लागले तर ते त्याच्याही डोक्यावर गळे. दुसरा मालक दूर राही. त्याचे तोंड भाडेकरूंनी वर्षानुवर्षे पाहिलेले नसे. त्याच्या वतीने महिन्याच्या ठरल्या तारखेला पावतीबुक घेऊन येई तो मेहताजी. भाडेकरूच्या दृष्टीने मेहताजी हाच मालक, कारण पावती त्याच्या हातात. भाडेपावती हा त्या काळी केवळ पैसे पोचल्याचा पुरावा नव्हता. शिधापत्रिका, मुलाचा शाळाप्रवेश, मतदारयादीतले नाव आणि मुख्य म्हणजे खोलीवरचा हक्क, सारे त्या चिठोऱ्यावर उभे असे. म्हणून ज्याला खोलीतून काढायचे त्याचे भाडे घ्यायचेच नाही, किंवा घेऊन पावती द्यायची नाही, ही मेहताजीची ठरलेली युक्ती होती. भाडेकरूही शहाणा झाला होता; तो मनीऑर्डरने भाडे पाठवी आणि ‘स्वीकारण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेली मनीऑर्डर जपून ठेवी. पावती देणे कायद्याने सक्तीचे करावे लागले आणि न देणे हा गुन्हा ठरवावा लागला, यावरून हे दुखणे किती खोल होते हे दिसते.

मेहताजी स्वभावाने दुष्ट होता असे मात्र म्हणता येणार नाही. त्याचा पगार तुटपुंजा, त्याची खोली बहुधा त्याच चाळीतली. त्याची नोकरी वसुलीच्या आकड्यावर टिके; जिना कोसळला की नाही यावर नव्हे.

मालकाच्या अनुपस्थितीतला हा कारभारी जगाला एक शब्दही देऊन गेला आहे. आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराच्या इस्टेटीचा कारभार कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट नावाचा गृहस्थ पाहत असे. १८८० साली पीक बुडाले, कुळांनी खंडात सूट मागितली. मिळाली ती अपुरी, आणि मागोमाग घरे-जमिनी सोडण्याच्या नोटिसा आल्या. कुळांनी असहकाराचा मार्ग धरला. बॉयकॉटच्या शेतावर कोणी मजुरीला जाईना, दुकानदार त्याला माल देईना, टपाल पोचवणे कठीण झाले. अखेर बाहेरून सुमारे पन्नास स्वयंसेवक आणून, त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई उभे करून बटाटे आणि बीट काढावे लागले. सुमारे पाचशे पौंडांचे पीक वाचवायला सुमारे दहा हजार पौंड खर्च झाला असे त्या वेळी मोजले गेले. त्याच वर्षाच्या शेवटी बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला आणि त्याचे आडनाव इंग्रजीत ‘बहिष्कार’ या अर्थी राहिले. लक्षात घेण्यासारखे हे की शब्द कारभाऱ्याच्या नावाने तयार झाला, मालकाच्या नव्हे. लॉर्ड अर्नचे नाव आज कोणाच्या ओठी आहे? कारभारी ठेवण्याचा एक मोठा लाभ हाच की शिव्या त्याला बसतात.

याहून जवळचे उदाहरण ग्लासगोचे. तेथल्या कामगारवस्तीतील तीन-चार मजली दगडी इमारतींत हजारो कुटुंबे भाड्याने राहत. मालक बहुधा लहान व्यापारी, विधवा, निवृत्त मंडळी. म्हणजे आपल्या आजच्या मालकासारखीच. पण भाडे ठरवणे, वसुली, दुरुस्ती, घर खाली करवून घेणे हा सारा कारभार ‘फॅक्टर’ म्हणवणाऱ्या धंदेवाईक व्यवस्थापकांच्या हाती होता. पहिले महायुद्ध सुरू झाले, गोदीत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला हजारो लोक आले, घरांना मागणी वाढली आणि फॅक्टरांनी भाडी चढवली. पुरुष कामावर किंवा आघाडीवर. फॅक्टरची गाठ पडली ती घरातल्या बायकांशी. गोव्हन भागात मेरी बार्बर हिच्या पुढाकाराने बायकांनी वाढीव भाडे नाकारले. जप्तीला किंवा घर खाली करायला कोर्टाचा माणूस आला की अंगणात घंटा वाजे, आणि बायका हातातले काम टाकून जिन्यात गर्दी करत. पिठाच्या पुड्यांचा मारा होई. एका बाईला फॅक्टरने ‘बाकीच्यांनी वाढीव भाडे भरले’ अशी थाप मारून तिच्याकडून पैसे घेतले. तेव्हा गोदीतले कामगार मोर्चाने फॅक्टरच्या कचेरीवर गेले. खिडकीतून रस्त्यावरची काळवंडलेल्या तोंडांची ती गर्दी पाहून त्याने पैसे मुकाट्याने परत केले, ही हकिगत चळवळीतल्या स्त्रियांच्या आठवणींत नोंदलेली आहे. १९१५च्या नोव्हेंबरपर्यंत सुमारे वीस हजार कुटुंबे या संपात होती. १७ नोव्हेंबरला अठरा भाडेकरूंना कोर्टात खेचण्यात आले तेव्हा कारखाने सोडून हजारोंचा जमाव कोर्टासमोर लोटला. खटले मागे घेतले गेले आणि डिसेंबर १९१५मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने भाडी युद्धारंभीच्या पातळीवर गोठवणारा कायदा केला. मुंबईतही १९१८ साली युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा आला, तो याच परंपरेतला. गिरणगावातल्या भाडेकरूला पुढे मिळालेल्या संरक्षणाचा एक धागा अशा रीतीने ग्लासगोच्या बायकांच्या हाती जातो.

आता येथे कोणी म्हणेल की व्यवस्थापक चांगला असेल तर? हाही प्रयोग झालेला आहे. लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल या बाईने १८६५ साली मेरिलबोन भागातल्या तीन मोडकळीला आलेल्या घरांचा कारभार हाती घेतला. पैसा जॉन रस्किनचा, आणि त्याला पाच टक्के परतावा देण्याचे ठरले होते. बाई दर आठवड्याला स्वतः दारोदार जाऊन भाडे घेत. थकबाकीला क्षमा नाही. पण पाच टक्क्यांवर जे उरेल ते घराच्या सुधारणेवर खर्च होई आणि कोणती सुधारणा आधी करायची यात भाडेकरूंचे मत घेतले जाई. पुढे चर्चच्या मालकीची साउथवर्कमधली घरे १८८४ साली त्यांच्याकडे आली. त्यांनी शिकवून तयार केलेल्या स्त्रिया भाडेवसुलीबरोबर गळके नळ, तुंबलेली गटारे, आजारी मुले सारे पाहत. बाईंची वृत्ती पालकाची होती, गरिबांना वळण लावण्याची होती. नगरपालिकेने घरे बांधावीत हे त्यांना मान्य नव्हते. समाजवाद्यांना त्यांचे कौतुक पचणे कठीण जाते. तरीही एक गोष्ट त्यांनी सिद्ध केली: मालकाला मिळणारा परतावा आधी ठरवून टाकला आणि वरची रक्कम घरात घातली, तर मधला माणूस भाडेकरूचा शत्रू होत नाही. म्हणजे प्रश्न मधला माणूस असण्याचा नाही. त्याला मोबदला कशाचा मिळतो, हा आहे.

अर्थशास्त्रात या प्रश्नाची चर्चा फार जुनी आहे. दुसऱ्याचा पैसा सांभाळणारा माणूस स्वतःच्या पैशाइतकी काळजी घेत नाही, असे ॲडम स्मिथने १७७६ साली संयुक्त भांडवली कंपन्यांच्या संचालकांबद्दल सांगून ठेवले. हाच नियम घराला लावून पाहू. व्यवस्थापकाला भाड्याच्या टक्केवारीने पैसे मिळत असतील तर त्याला भाडे चढवण्यात रस. दुरुस्ती पुढे ढकलली तरी त्याचे काही जात नाही. दुरुस्तीच्या बिलावर त्याला कमिशन मिळत असेल तर दोनशे रुपयांच्या वॉशरऐवजी चार हजारांचा नवा नळ बसतो. आणि दलालाला प्रत्येक नव्या भाडेकरूमागे एका महिन्याचे भाडे मिळत असेल, मुंबई-पुण्याकडे तशी वहिवाटच आहे, तर त्याला जुना भाडेकरू जाऊन नवा येण्यातच रस असणार. मालकाचे हित मात्र नेमके उलटे आहे, आणि बिऱ्हाडकरूचेही.

एक साधा हिशेब करू. समजा भाडे महिना २०,००० रुपये, आणि व्यवस्थापक घेतो आठ टक्के. म्हणजे महिना १,६००, वर्षाला १९,२००. आता घर एक महिना रिकामे राहिले तर बुडाले २०,०००. नवा भाडेकरू आणणाऱ्या दलालाचे आणखी २०,०००. भाडेकरू एकदा बदलला की ४०,००० रुपये गेले. व्यवस्थापकाचे दोन वर्षांचे मानधन याहून कमीच, ३८,४०० रुपये होते. तेव्हा व्यवस्थापकाचे आठ टक्के वाचवायला निघालेला मालक जर वेळेवर फोन उचलत नसेल आणि त्यापायी चांगला भाडेकरू गमावत असेल, तर त्याची काटकसर फसवी आहे. तितकेच हेही खरे की व्यवस्थापक ठेवूनही भाडेकरू दरवर्षी बदलत असेल तर मालक दोन्हीकडून नागवला जातो. लहान मालकाच्या उत्पन्नाचे भवितव्य टक्केवारीवर नव्हे, भाडेकरू किती वर्षे टिकतो यावर ठरते. हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

आयकराची एक बाजू येथेच सांगून टाकलेली बरी. घरभाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा कर वजा केल्यावर तीस टक्के रक्कम कायदा सरसकट वजा करू देतो. पूर्वी दुरुस्तीची वजावट वेगळी आणि वसुलीच्या खर्चाची, सहा टक्क्यांच्या मर्यादेत, वेगळी मिळे. वसुलीचा खर्च तोही प्रत्यक्ष केलेला असावा लागे. आता मालकाने व्यवस्थापक ठेवला काय अन् न ठेवला काय, वजावट तीच. म्हणजे स्वतः वसुली करणाऱ्या, स्वतः प्लंबर बोलावणाऱ्या मालकाला त्याच्या श्रमाची मजुरी करमुक्त मिळते असे म्हणायला हरकत नाही.

मग सर्वांनी आपापले घर स्वतः सांभाळावे, हे उत्तर झाले का? मुंबईचा अनुभव पाहता तसे सांगवत नाही. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे बहुतांशी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधले. फाळणीनंतरच्या मुंबईत ते अटळ होते. परंतु तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत पन्नास वर्षे जगला आणि तोवर अशी पाळी आली की मेहताजीचा पगार वसूल होणाऱ्या भाड्याहून जड व्हावा. मालकाने स्वतः पाहणे सोडले, माणूस ठेवणेही सोडले. त्याचे उत्पन्न भाड्यातून नव्हे, पागडीच्या वाट्यातून येऊ लागले. घराला कारभारीच उरला नाही. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करून शासनाला उपकर बसवावा लागला आणि १९,६४२ जुन्या इमारती त्याच्या कक्षेत आल्या. एका अर्थी शासनच मुंबईचे सर्वांत मोठे इमारत-व्यवस्थापक झाले. आणि पावसाळ्यात घर कोसळल्याच्या बातम्या त्यानंतरही थांबल्या नाहीत. १९९९च्या कायद्याने, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पण ती वाढ जुन्या, गोठलेल्या आकड्यावर. शंभर रुपयांचे चार टक्के म्हणजे चार रुपये. त्यात गच्चीवरचे डांबर होत नाही.

यातून घडलेली दुसरी गोष्ट अधिक दुःखद आहे. १९७३ साली दुरुस्ती करून, १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण दिले गेले. ज्यांना ते मिळाले त्यांच्या दृष्टीने हा न्यायच होता. पण असंख्य लहान मालकांनी त्यातून एकच धडा घेतला: घर देऊ नये, कुलूप लावावे. शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ साली ५४ टक्के होते ते २०११ साली २८ टक्क्यांवर आले, असे २०१७-१८च्या आर्थिक पाहणीत नमूद आहे. आणि २०११च्या जनगणनेत देशातील शहरांत एक कोटी अकरा लाखांच्या घरात घरे रिकामी आढळली. बेघरांच्या देशात हा आकडा वाचताना मान खाली जाते. कारणे अनेक आहेत, सट्टा हे त्यातले मोठे. तथापि कारभार पाहायला माणूस नाही आणि ज्याला द्यावे त्याचा भरवसा नाही, हेही एक आहे.

१९९९च्या कायद्यातली एक तरतूद कार्यकर्त्यांनी स्वतःसाठीही पाठ करावी. भाड्याचा अथवा परवान्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते; मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात तेव्हापासून निराधार आहे; अकरा महिने मात्र सवयीने चालूच राहिले. व्यवस्थापकाने ‘सगळे करतो’ म्हटले तरी ही जबाबदारी त्याच्यावर ढकलता येत नाही.

केंद्र सरकारने जून २०२१मध्ये आदर्श भाडेकायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. तो राज्यांना बंधनकारक नाही आणि त्यातल्या अनेक गोष्टींवर भांडता येईल. पण त्यात व्यवस्थापकाला प्रथमच कायद्याच्या चौकटीत नाव मिळाले. त्याला मालकाचे लेखी अधिकारपत्र असावे, त्याची माहिती नोंदली जावी. त्याने पावती देऊन भाडे घ्यावे, आवश्यक दुरुस्त्या कराव्यात, पाणी-वीज तोडू नये. गैर वागला तर भाडे न्यायालय त्याला दूर करू शकेल. गिरणगावातल्या मेहताजीला असे काही विचारणारा कोणी नव्हता.

यापुढचा मुद्दा हिशेबाच्या वहीत बसत नाही. घर कोणाला द्यायचे, हे कोण ठरवतो? नाव मुसलमानाचे, आडनाव दलिताचे, मुलगी एकटी राहणारी. अशांना घर नाकारले जाते तेव्हा दलाल म्हणतो, ‘माझे काही नाही, मालकाला चालत नाही.’ मालकाला विचारले तर तो म्हणतो, ‘मला काय माहीत, सारे एजंट पाहतो.’ दोघेही सभ्य, दोघांचेही हात स्वच्छ. आणि दारातून परत गेलेल्या माणसाला भांडायलाही कोणी सापडत नाही. १९१७ साली बडोद्यात परदेशी पदव्या घेऊन आलेल्या डॉ. आंबेडकरांना पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढले. तेथे निदान काढणारे समोर उभे होते. आज नकार फोनवरून, नम्रपणे आणि निनावी येतो. ज्या कार्यकर्त्याने आयुष्यभर जातिनिर्मूलनाची भाषणे केली, त्याच्या चिंचवडच्या घराचे दार त्याच्या नकळत त्याच्याच नावाने बंद होत असेल, तर तो त्याचा व्यवस्थापक नव्हे, तो स्वतः उत्तरदायी आहे.

म्हणून जो मालक त्याच शहरात राहतो, ज्याची एक-दोनच घरे आहेत आणि ज्याचे पाय चालतात, त्याने कारभार स्वतः पाहावा. काम वाटते तितके नाही: वर्षातून एकदा करार, महिन्यातून एकदा बँकेत पाहणे, दोन-तीनदा प्लंबर. विश्वासाचा प्लंबर आणि वायरमन गाठीशी असणे हे अर्धे व्यवस्थापन आहे. जो दूर आहे किंवा थकला आहे त्याने माणूस जरूर ठेवावा. मात्र त्याचा मोबदला ठरावीक असावा, नव्या भाडेकरूमागे किंवा बिलामागे नसावा. लहान दुरुस्ती त्याने न विचारता करावी, ठरावीक रकमेवरची विचारून. अनामत रक्कम मालकाच्याच खात्यात राहावी, म्हणजे ती परत देताना टोलवाटोलवी होणार नाही. भाडेकरू निवडण्याचा अधिकार कोणाला देऊ नये, आणि स्वतःचा फोन नंबर भाडेकरूपासून लपवू नये.

एका गृहसंस्थेतले किंवा एका पेठेतले दहा-पंधरा लहान मालक एकत्र येऊन एक पगारी कारकून ठेवू शकतील, ही कल्पना अव्यवहार्य म्हणून उडवून लावली जाते. मराठी माणसाला सहकार साखरेत जमतो, पतपेढीत जमतो. नळाच्या दुरुस्तीत न जमण्याचे कारण दिसत नाही. मालक आणि भाडेकरू एकच असू शकतात हेही मुंबईने फार पूर्वी करून दाखवले. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली नोंदली गेली, ग्लासगोच्या बायका जिन्यात उभ्या होत्या त्याच वर्षी. तेथे इमारत संस्थेची आणि सभासद हे संस्थेचे भाडेकरू. संस्था एका ज्ञातीची होती ही तिची मर्यादा उघड आहे. तीच कल्पना जात वगळून गिरणगावात आणण्याचा प्रयत्न १९८६च्या दुरुस्तीने झाला: सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली तर शासनाने उपकरप्राप्त इमारत मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकाला देऊन संपादन करावी. मालकांनी त्याला आव्हान दिले. त्या वादात नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने असा निर्णय दिला की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही घटनेच्या अर्थाने समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही. काही मात्र असू शकते. कोणती असू शकते, हे त्या त्या मालमत्तेचे स्वरूप, तिची टंचाई आणि समाजावर होणारा परिणाम पाहून ठरवायचे आहे. पुढच्या वर्गात त्या निकालपत्राचे वाचन घ्यावयाचे आहे. जुन्या चाळींत काम करणाऱ्या साथींनी आपापल्या इमारतीच्या भाडेपावत्या आणि उपकराची बिले सोबत आणावीत.